पसंतीक्रमात वर काय: मेडिकल की सेवाग्राम?

माझ्या थोरल्या भावाच्या मुलीला नीटमध्ये असे गुण मिळाले की राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेरीत दोन नावे तिच्या आवाक्यात दिसू लागली. एक नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सारा विदर्भ नुसते ‘मेडिकल’ म्हणतो, आणि दुसरी सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था. कॅपच्या पद्धतीत दोन जागा हातात घेऊन सावकाश निवड करता येत नाही. पसंतीक्रम भरतानाच कोणते नाव वर लिहायचे ते ठरवावे लागते, आणि वरचे मिळाले की खालच्याचा विचार तिथेच संपतो. त्यामुळे अमरावतीहून भावाचा फोन आला तेव्हा त्याचा प्रश्न एका ओळीचा होता: पहिल्या क्रमांकावर काय लिहायचे? त्याने आमच्या घरी विचारावे हे साहजिक होते, कारण मी मेडिकलचा माजी विद्यार्थी आहे आणि माझी पत्नी सेवाग्रामची. अडचण एवढीच की या कारणाने आमच्या घरात या प्रश्नाची नेहमीच दोन उत्तरे असतात.

जे समान आहे ते आधी बाजूला काढले. दोन्ही महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, म्हणजे पदवी एकच आणि विद्यापीठाच्या परीक्षाही एकच. २०१९ पासून लागू झालेला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम, साडेचार वर्षांचे शिक्षण, त्यानंतरची वर्षभराची इंटर्नशिप, लॉगबुकवर, म्हणजे शिकलेल्या कौशल्यांच्या नोंदवहीवर, घ्यायच्या सह्या, हे सगळे दोन्हीकडे सारखेच. पुढे पदव्युत्तर प्रवेशासाठी नीट-पीजी द्यायची ती साऱ्या देशासाठी एकच. पहिल्या वर्षाची शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे विषय मेहनती मुलगी कुठेही पुस्तकातून आणि शवविच्छेदनाच्या टेबलाजवळ उभी राहून शिकते. कॉलेजाकॉलेजांतला खरा फरक दुसऱ्या वर्षापासून, म्हणजे सकाळी वॉर्डात पोस्टिंग सुरू झाल्यावर, जाणवू लागतो, आणि म्हणून मी भावाला सांगितले की वसतिगृह, मेस आणि कॅम्पसचे फोटो बाजूला ठेवून केवळ वॉर्डातल्या शिक्षणाचा विचार करू.

आकड्यांपासून सुरुवात केली तर चित्र फसवे दिसते. मेडिकलची स्थापना १९४७ ची. खाटा चौदाशेहून अधिक आणि एमबीबीएसच्या जागा २५०. सेवाग्रामचे महाविद्यालय १९६९ चे, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षातले. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयात नऊशेहून अधिक खाटा आणि जागा १००. मोठे रुग्णालय म्हणजे जास्त रुग्ण, जास्त रुग्ण म्हणजे चांगले शिक्षण, असे सरळ गणित भाऊ मांडत होता. पत्नीने लगेच भागाकार करून दाखवला: एका बॅचमधल्या एका विद्यार्थ्यामागे मेडिकलमध्ये साधारण साडेपाच-सहा खाटा आणि सेवाग्रामला नऊ. मला हा भागाकारही पुरेसा वाटत नाही. वॉर्डात एका वेळी एकच बॅच नसते. दुसऱ्या वर्षाची मुले, तिसऱ्या वर्षाची, अंतिम वर्षाची, इंटर्न आणि रेसिडेंट (पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर) अशी उतरंड प्रत्येक खाटेभोवती असते. शिवाय खाट मोजता येते, पण त्या खाटेवरच्या रुग्णाच्या पोटाला हात लावून ‘प्लीहा दोन बोटे लागते’ असे विद्यार्थ्याने म्हटल्यावर ‘पुन्हा लावून बघ’ असे सांगायला कोणी शेजारी उभे आहे की नाही, हे कोणत्याही तक्त्यात येत नाही. क्लिनिकल शिक्षण म्हणतात ते मुख्यतः हेच असते. रुग्ण पाहणे हा त्याचा अर्धा भाग झाला. आपण काय पाहिले ते मोठ्याने सांगणे आणि कोणीतरी ते तपासून घेणे हा उरलेला अर्धा, आणि तोच दुर्मिळ असतो.

रुग्णांच्या बाबतीत विदर्भातले कोणतेही जुने वैद्यकीय महाविद्यालय विद्यार्थ्याला उपाशी ठेवत नाही. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा रुग्ण पुण्या-मुंबईतल्या विद्यार्थ्याला पुस्तकातच जास्त भेटतो. आमच्याकडे हाडे ठणकत असलेला, डोळे पिवळे झालेला सिकलसेलचा मुलगा दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ओळखता येतो. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, खाऊन तोंड उघडेनासे झालेले रुग्ण इतके असतात की तोंडात तीन बोटे उभी मावतात का हे पाहण्याची सवय आमच्या हातांना आपोआप लागते. मे महिन्यात उष्माघात, पावसाळा संपता संपता स्क्रब टायफस, आणि जूनपासून दिवाळीपर्यंत शेतातून येणारे सर्पदंश आणि कीटकनाशकांची विषबाधा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजुरांना झालेली विषबाधा देशभर गाजली. पण फवारणीच्या हंगामात असा रुग्ण येणे इथल्या डॉक्टरांना त्याआधीही नवे नव्हते.

सर्पदंशाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण शिकण्याच्या दृष्टीने तो मला आदर्श आजार वाटतो. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर रक्त गोठेनासे होते, आणि ते ओळखण्याची चाचणी कोणत्याही महागड्या यंत्राशिवाय होते. कोरड्या, स्वच्छ, साध्या काचेच्या नळीत रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, नळी न हलवता २० मिनिटे उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरपी करायची. रक्त अजून पातळ असेल तर प्रतिविष सुरू करायचे. नळी साबणाने धुतलेली असेल तर चाचणी फसवते, मधेच कोणी उत्सुकतेने हलवून पाहिली तरी फसवते. हे सारे काम विद्यार्थी स्वतः करू शकतो, आणि त्याच्या हातातल्या नळीवर उपचाराचा निर्णय ठरतो. मण्यार चावलेला रुग्ण याच्या अगदी उलट: रात्री जमिनीवर झोपलेला, चावल्याची खूण सापडत नाही, पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो आणि सकाळपर्यंत पापण्या जड होतात. त्याच्याकडे काचनळी कामाची नाही. तिथे नीट विचारपूस आणि पापण्यांकडे पाहण्याची नजर लागते. एकाच पावसाळ्यात हे दोन्ही रुग्ण स्वतः हाताळलेला विद्यार्थी ‘इतिहास घेणे’, म्हणजे रुग्णाला आजाराची हकीकत विचारणे, का शिकवतात ते पुन्हा विसरत नाही.

कीटकनाशकाच्या विषबाधेत तर शिक्षण रात्रभर चालते. ॲट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाची मात्रा दर काही मिनिटांनी वाढवत जायची, ती छाती कोरडी होईपर्यंत आणि नाडी नीट सुधारेपर्यंत. बाहुल्यांच्या आकारावर एकट्याने विश्वास ठेवायचा नाही, आणि रुग्ण बरळू लागला, अंग तापले, पोटातले आवाज बंद झाले तर मात्रा जास्त झाली हे ओळखायचे. म्हणजे स्टेथोस्कोप घेऊन कोणीतरी खाटेजवळ बसून राहावे लागते. ते ‘कोणीतरी’ बहुतेक वेळा इंटर्न असतो, आणि हौशी असला तर अंतिम वर्षाचा विद्यार्थी. फुप्फुसातले बारीक आवाज मी कोणत्या तासाला नव्हे, अशाच रात्री शिकलो.

इथे मेडिकलची बाजू मांडायला हवी, आणि ती मी मनापासून मांडतो. तिथे विदर्भातले अकरा जिल्हे तर येतातच, पण छिंदवाडा, सिवनी, बालाघाट, पलीकडे छत्तीसगड आणि तेलंगणातूनही रुग्ण येतात. दुर्मिळ आजार जिथे शेवटी पोहोचतो असे ते ठिकाण आहे. आपल्या युनिटची पाळी असते त्या रात्री कॅज्युअल्टीमध्ये (अपघात विभागात) जे दिसते ते लहान रुग्णालयात महिनाभरात दिसत नाही, आणि कामाच्या रेट्यामुळे रेसिडेंटला मदतीचा प्रत्येक हात हवा असतो. रात्री नऊनंतर वॉर्डात थांबणाऱ्या विद्यार्थ्याला शिरेत सुई लावणे, मूत्रनलिका घालणे, जखम शिवणे, पोटातले पाणी काढताना शेजारी उभे राहणे हे सगळे मिळते. मागायची लाज नसली म्हणजे झाले. मी तसा निर्लज्ज होतो. माझ्याच बॅचमधली कितीतरी हुशार मुले सकाळच्या क्लिनिकमध्ये वीस जणांच्या घोळक्यात मागच्या रांगेत उभी राहिली, समोर कोणाचे पोट तपासले जाते आहे तेही त्यांना दिसले नाही, आणि परीक्षेच्या आधी दोन महिने धावाधाव करून त्यांनी लाँग केस, म्हणजे परीक्षेत सविस्तर मांडायचे रुग्ण, पाठ केल्या. हा दोष एखाद्या कॉलेजाचा नाही, तो गर्दीचा आहे. मोठी जागा पुढे घुसणाऱ्याला भरभरून देते आणि बुजऱ्याला विचारत नाही.

पत्नीचा अनुभव वेगळ्या घडणीचा आहे. सेवाग्रामला पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे सुरुवातीचे दिवस गांधीजींच्या आश्रमातल्या शिबिरात जातात. पुढे प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, विद्यार्थ्यांना त्या गावातली कुटुंबे वाटून दिली जातात आणि शिक्षण संपेपर्यंत त्या कुटुंबांशी संबंध राहतो. अलीकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम देशातल्या सगळ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना लावला, पण सेवाग्रामला तो कित्येक दशकांपासून रुळलेला आहे. बाहेरच्यांना हे समाजसेवेचे प्रकरण वाटते. पत्नीच्या मते त्याचा मुख्य उपयोग निदानशास्त्रातला आहे, आणि इथे मी तिच्याशी पूर्ण सहमत आहे. वॉर्डातला विद्यार्थी रुग्णाला दाखल झाल्यापासून सुटी मिळेपर्यंत पाहतो. त्याआधी सहा महिने तो काय करत होता, गोळ्या कोणत्या आठवड्यात बंद केल्या आणि का, सुटी झाल्यावर तो पुन्हा कामावर गेला की अंथरुणाला खिळला, हे वॉर्डात दिसत नाही. मधुमेह, रक्तदाब, क्षय, ॲनिमिया हे आजार खाटेवर शिकून निम्मेच कळतात. उरलेले कळायला त्याच घरी पुन्हा पुन्हा जावे लागते.

संस्थेची घडणही त्याला धरूनच आहे. डॉ. सुशीला नायर या गांधीजींच्या डॉक्टर, पुढे केंद्रीय आरोग्यमंत्री. त्यांनी खेड्यातच वैद्यकीय महाविद्यालय चालवून दाखवायचे ठरवले. डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्य विमा उभा केला तो याच रुग्णालयाच्या आधाराने. अशा ठिकाणी शिकणाऱ्या मुलाला तपासणी लिहिताना तिची किंमत विचारायची सवय लागते, आणि ही सवय मला क्लिनिकल कौशल्याचाच भाग वाटते. हाताने आणि कानाने जे कळते त्यासाठी सीटी स्कॅन लिहू नये, हे व्याख्यानात सांगून उतरत नाही. हा रुग्ण कोणत्या गावचा आणि त्याच्या घरी काय पिकते हे विद्यार्थ्याला ठाऊक असले, की ते आपोआप उतरते.

तरीही ‘खेड्यातले कॉलेज खेड्याचा डॉक्टर घडवते’ हे वाक्य मी घरात चालू देत नाही. डॉ. अभय बंग यांचे बालपण सेवाग्राममध्ये गेले, पण वैद्यकीय शिक्षण झाले नागपूरच्या मेडिकलमध्ये, डॉ. राणी बंगही तिथल्याच. दोघांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली आणि नवजात बालकांच्या घरोघरी काळजीचे जे काम केले ते जगभर अभ्यासले गेले. उलट सेवाग्रामहून बाहेर पडून शहरांतल्या आणि परदेशांतल्या बड्या रुग्णालयांत रमलेले डॉक्टर मला डझनाने ठाऊक आहेत, आमच्या घरातल्या लग्नसमारंभांत ते भेटतातच. कॉलेज स्वभाव बदलत नाही. हात, डोळे आणि कान यांना वळण लावते.

हे बोलणे फोनवर संपणारे नव्हते. पुतणीला घेऊन आम्ही दोन्ही ठिकाणी जाऊन आलो. प्रशासकीय इमारत आणि ग्रंथालय पाहण्यात वेळ घालवू नको, तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुले चहा पितात तिथे जाऊन बस, असे मी तिला सांगितले होते. काय विचारायचे तेही आम्ही दोघांनी मिळून ठरवून दिले होते. गेल्या आठवड्यात तू स्वतः कोणत्या रुग्णाची केस घेतलीस आणि ती कोणी ऐकून घेतली? सकाळच्या क्लिनिकमध्ये एका शिक्षकामागे किती जण असतात, आणि शिक्षक आले नाहीत तर कोण शिकवते? लॉगबुकवरची सही कौशल्य करून दाखवल्यावर मिळते की गठ्ठ्याने? पहिली प्रसूती कधी पाहिलीस आणि पहिली स्वतः कधी केलीस? एखाद्या रुग्णाचे पुढे काय झाले ते तुला शोधून काढता येते का? या शेवटच्या प्रश्नावर पत्नीचा विशेष भर होता, कारण सेवाग्रामला रुग्णांच्या नोंदी संगणकावर ठेवण्याची पद्धत बरीच जुनी आहे आणि आपण तर्क केलेले निदान खरे ठरले की खोटे हे विद्यार्थ्याला नंतर पाहता येते. चुकलेले निदान नंतर कळले नाही तर माणूस आयुष्यभर आत्मविश्वासाने तीच चूक करत राहतो.

उत्तरे दोन्हीकडे संमिश्र मिळाली, आणि ती तशीच मिळणार होती. एकाच कॉलेजातले एक युनिट विद्यार्थ्यांना घाम फोडते आणि शेजारचे युनिट त्यांना विचारत नाही. कोणाचे नशीब कुठे लागले यावर त्याचे मत ठरते. म्हणून मी तिला एका मुलाच्या बोलण्यावर जाऊ नको, तपशील कोण देतो ते बघ, असे बजावले होते. ‘इथे एक्सपोजर खूप आहे’ हे वाक्य दोन्हीकडे ऐकू आले; त्याचा उपयोग शून्य. ‘काल एका आजीची प्लीहा मला लागली नव्हती, मॅडमनी माझा हात धरून कुशीवर वळवून दाखवली’ असे कोणी सांगितले, तर त्या वाक्यात कॉलेज दिसते.

एक प्रश्न मात्र मी मुद्दाम स्वतः विचारला: इंटर्न दिवसा कुठे असतात? नीट-पीजीच्या धास्तीने अंतिम वर्षाची मुले वॉर्डातून वाचनालयात आणि वाचनालयातून मोबाइलवरच्या क्लासेसमध्ये गेली आहेत, ही आज देशातल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांची स्थिती आहे. बहुपर्यायी प्रश्नात हृदयातला मर्मराचा आवाज ऐकावा लागत नाही, तो शब्दांत लिहूनच दिलेला असतो. मग ज्या वर्षी विद्यार्थ्याने खऱ्या अर्थाने डॉक्टर व्हायचे ते वर्ष तो टेबललॅम्पखाली घालवतो, आणि वॉर्डातले काम रक्ताचे नमुने पोहोचवण्यापुरते उरते. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, जागा कमी आणि स्पर्धा निर्दय आहे. पण म्हणूनच, ज्या कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच हात बऱ्यापैकी तयार होतात ते कॉलेज आज अधिक मोलाचे ठरते, कारण पुढची दोन वर्षे स्पर्धेने आधीच गिळलेली असतात. इंटर्नशिपमध्ये शिकू, ही माझ्या पिढीची सबब तिच्या पिढीला उपलब्ध नाही.

हा मुद्दा मला शेवटी निर्णायक वाटला. पुतणी बारकाईने काम करणारी आहे, वाचते भरपूर, पण चारचौघांत हात वर करत नाही. अमरावतीच्या क्लासमध्येही तास संपल्यावर सरांना एकटे गाठून शंका विचारायची. अशा मुलीला अडीचशेच्या बॅचमध्ये पुढची रांग गाठायला दोन वर्षे लागली असती. तिचा धाकटा भाऊ, जो शेजाऱ्यांच्या भांडणातही पंच म्हणून जातो, तो उद्या डॉक्टर व्हायचे म्हणाला तर मी डोळे मिटून मेडिकल सांगेन. म्हणजे माझे उत्तर कॉलेजाबद्दल कमी आणि विद्यार्थ्याबद्दल जास्त होते, आणि ते भावाला फारसे रुचले नाही. त्याला ‘चांगले कोणते’ एवढेच हवे होते.

त्याचे आक्षेपही खोटे नव्हते. नागपूरला सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे, शहर मोठे आहे, अमरावतीहून थेट गाडीने जाता येते. सेवाग्रामला खादी घालायची, शाकाहारी मेस, प्रार्थना, श्रमदान, आणि वर्ध्याच्या पलीकडे उन्हाळ्यात पंखाही गरम हवाच फेकतो. पदवीनंतरच्या ग्रामीण सेवेबद्दल त्याने संस्थेची नियमपुस्तिका काढून ओळीओळीने वाचायला लावली, आणि ते योग्यच केले; असल्या अटी प्रवेशाआधी वाचायच्या असतात. खादीचा मुद्दा पुतणीने स्वतःच निकालात काढला. रोज सकाळी काय घालायचे हा प्रश्न सुटत असेल तर बरेच आहे, असे ती म्हणाली.

पसंतीक्रमात तिने सेवाग्राम वर लिहिले, मेडिकल दुसरे. यादी लागली तेव्हा सेवाग्राम मिळाले आणि तिने पुढच्या फेरीत न जाता जागा कायम केली. आता घरात नवा वाद आहे. भावाला तिच्यासाठी महागडा कार्डिओलॉजी स्टेथोस्कोप आत्ताच घ्यायचा आहे. पत्नीचे म्हणणे असे की पहिले वर्षभर साधा पुरतो, आणि चांगला घ्यायचाच तर पहिल्या मेडिसिनच्या पोस्टिंगच्या आदल्या आठवड्यात घ्यावा, नाहीतर वसतिगृहातून तो आधीच कोणीतरी उसना नेलेला असतो. यावेळी मीही पत्नीच्या बाजूने आहे.